पुलाला मास्तरांचं नाव: बेलापूर, प्रवरा आणि आपल्या नोंदींचा प्रश्न

श्रीरामपूरला पहिल्यांदा रेल्वेने येणाऱ्या पाहुण्याचा गोंधळ ठरलेला. जायचं असतं श्रीरामपूरला, बाहेर पडल्यावर शहर लागतं श्रीरामपूर, पण फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेलं असतं 'बेलापूर'. फोनवर 'बेलापूरला उतर' सांगितलं तर मुंबईकर नातेवाईक नवी मुंबईतलं बेलापूर समजतो, ते वेगळंच. खरं बेलापूर या स्टेशनापासून काही किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी आहे. 1878 साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला तेव्हा या भागातलं नाव घेण्यासारखं गाव बेलापूर होतं, म्हणून स्टेशनाला त्याचं नाव. पुढे स्टेशनाभोवती बाजारपेठ उभी राहिली, साखर कारखाने आले, ऊस आला, वस्ती वाढली आणि त्या वस्तीचं श्रीरामपूर झालं. पाटी मात्र जुनीच राहिली. आज ती पाटी हा आमच्या भागाच्या इतिहासाचा एक उघड्यावरचा पुरावाच आहे. कोणी मुद्दाम जपला नाही, सुदैवाने कोणी पुसलाही नाही.

नावांचा विषय निघाला की आम्हाला आधी ही पाटी आठवते. आज मांडायची गोष्टही नावाचीच आहे. प्रवरेकाठच्या आमच्या बेलापूरसारख्या गावांमध्ये एखाद्या पुलाला गावच्या अशा शिक्षकाचं नाव का देऊ नये, ज्याने पोरांना शिकवता शिकवता गावाचा इतिहासही गोळा केला? पुढाऱ्याचं नको, कारखान्याच्या अध्यक्षाचं नको. बखरी, सनदा, शिलालेख, कबरींवरचे दगड आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी वहीत उतरवून ठेवणाऱ्या मास्तरांचं. असे मास्तर जवळपास प्रत्येक मोठ्या गावात एकेक तरी झालेले असतात. इथे आम्ही कुणाचंही नाव सुचवत नाही. नाव घेतलं की दुसऱ्या मिनिटाला ते कुठल्या आळीचे, कुठल्या जातीचे, कुठल्या गटाचे हे निघतं आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

पुलांना नावं देण्याचा आपल्याकडे सध्या मोसमच चालू आहे. 28 जून 2023 रोजी राज्य मंत्रिमंडळाने एकाच दिवशी दोन सागरी सेतूंची नावं ठरवली. शिवडी-न्हावाशेवा पुलाला अटलबिहारी वाजपेयींचं आणि वर्सोवा-वांद्रे पुलाला सावरकरांचं. मुंबईतला जुना कर्नाक पूल पाडून नवा बांधला आणि 10 जुलै 2025 रोजी त्याचं नाव 'सिंदूर पूल' झालं. कर्नाक हा 1839 ते 1841 या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याचं नाव गेलं याचं आम्हाला काही वाटत नाही, इंग्रज साहेबाची आठवण काढत बसायला आपल्याला वेळ कुठे आहे. पण या तिन्ही नावांत एक गोष्ट सारखी आहे. ती वरून आली. पूल कोणाच्या वापराचा, आजूबाजूला कोण राहतं, त्या भागाने कोण माणूस घडवला, असं काही त्यांच्यात शोधावं तर सापडत नाही.

वरून आलेली नावं तोंडात बसतातच असंही नाही. पुण्यात पानिपतानंतर 1761 साली मुठेवर लाकडाचा पूल बांधला गेला. लाकूड जाऊन दगड आला, पुलाला संभाजी महाराजांचं नाव मिळालं, तरी पुणेकर अजून 'लकडी पूल'च म्हणतो. सांगलीचा 1929 सालचा आयर्विन पूल अजून आयर्विनच आहे. डेक्कनच्या झेड ब्रिजला काकासाहेब गाडगीळांचं नाव आहे हे त्यावर कट्टा टाकणाऱ्या पोरांना विचारून बघा. तेव्हा नाव देणं सोपं, रुजवणं कठीण. रुजतं ते रोजच्या वापरातलं, नाहीतर ज्याची गोष्ट लोकांना माहीत आहे ते.

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने सगळ्यात बोलकं उदाहरण सांगतो. मुंबईत भायखळ्याकडून क्रॉफर्ड मार्केटकडे जाताना मोहम्मद अली रोडच्या डोक्यावरून एक लांबलचक उड्डाणपूल जातो, दोन किलोमीटरहून मोठा. रमजानमध्ये आपली अर्धी मंडळी त्याच्या सावलीत मालपुवा खात उभी असतात. मीनारा मशिदीचे मिनार त्यावरून जाताना अगदी डोळ्यासमोर येतात. या पुलाला जग 'जेजे फ्लायओव्हर' म्हणतं. पण त्याचं अधिकृत नाव आहे 'कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल'.

नाव ऐकलं होतं का? प्रामाणिकपणे सांगा. आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं.

मखदूम अली माहिमी म्हणजे माहीमच्या दर्ग्यातले मखदूमशाह बाबा हे कळलं की मग सगळे 'अच्छा, ते!' म्हणतात. डिसेंबरात उरूस भरतो, मुंबई पोलिसांचा संदल मानाने निघतो, आईसाठी पाण्याचा कटोरा घेऊन रात्रभर उभं राहिलेल्या मुलाची गोष्ट दादी-नानीने सांगितलेली असते. पण हे बुजुर्ग मुळात काय होते? ते आलिम होते, शिकवणारे होते. जन्म 1372 चा, वफात 1431 ची. नवायत घराणं, म्हणजे समुद्रावरून येऊन कोकणच्या किनाऱ्यावर वसलेल्या अरबांचं. गुजरातच्या सुलतानाच्या काळात माहीमचे काझी. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे त्यांनी अरबीत लिहिलेली कुरआनची तफसीर, 'तबसीर-उर-रहमान'. हिंदुस्थानी आलिमांनी लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या तफसीरींमध्ये तिची गणना होते. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी, आज जिथे लोकल थांबते त्या माहीमच्या बेटावर बसून एक माणूस अशा तोडीचं लिहीत होता, शिकवत होता, न्यायनिवाडा करत होता.

महाराष्ट्रात एका शिक्षक-पंडिताचं नाव पुलाला दिल्याचं याहून मोठं उदाहरण आम्हाला सुचत नाही. आणि ते नाव कोणी घेत नाही. टॅक्सीवाला घेत नाही, वाहतुकीच्या बातम्या घेत नाहीत, आपणही घेत नाही. यात सरकारचा दोष काढता येणार नाही, सरकारने तर नाव दिलं होतं. आपण त्या नावाची गोष्ट पुढे नेली नाही. मखदूम साहेबांच्या दर्ग्यावर चादर चढवायला आपण गेलो, त्यांचं पुस्तक कशाबद्दल आहे हे मुलांना सांगायचं राहून गेलं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण 2021 चं. मानखुर्द-घाटकोपर उड्डाणपूल तयार होत होता. तिथल्या खासदारांनी ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांचं नाव सुचवलं. लगेच विरोध झाला, दुसऱ्या बाजूने छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आलं, आणि 1 ऑगस्ट 2021 रोजी त्याच नावाने पूल खुला झाला. महाराजांच्या नावाला कोण हरकत घेणार? आम्हीही घेत नाही, घेणारही नाही. पण त्या वादात ज्या वस्तीवरून पूल जातो तिथल्या लोकांच्या पदरात काय पडलं? दोन-तीन आठवडे टीव्हीवर गोंधळ आणि एकमेकांकडे संशयाने बघणं. ख्वाजा साहेबांची शान एका पुलाने वाढणार नव्हती आणि पूल नसल्याने कमी झाली नाही. आमचं मत असं की मोठ्यात मोठं नाव काढून समोरच्याला कोंडीत पकडायचं, हा खेळ आपल्याला कधीच लाभलेला नाही. त्यात आपण हरतो, आणि हरण्याआधी वापरले जातो.

आमच्या जिल्ह्याला हे सांगायला नको. 13 मार्च 2024 रोजी मंत्रिमंडळाने अहमदनगरचं अहिल्यानगर करायचं ठरवलं, केंद्राची संमती आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात राजपत्र निघालं. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म याच जिल्ह्यातल्या चोंडीचा. त्यांनी बांधलेले घाट, विहिरी, बारव सगळ्यांनाच माहीत आहेत आणि त्यांच्याविषयी आपल्या घरात कधी वाकडा शब्द निघाला नाही. दुःख झालं ते 1490 साली हे शहर वसवणाऱ्या मलिक अहमदचं नाव त्याच्याच शहरावरून गेलं याचं. हा अहमद निजामशाह कोण होता? फिरिश्ता लिहितो त्याप्रमाणे त्याचे वडील मलिक हसन हे पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातले. म्हणजे नाव पुसलं गेलं ते कुठल्या परक्याचं नव्हे, इथल्याच मातीतल्या माणसाच्या मुलाचं. ही एवढी गोष्ट जरी शाळेत नीट शिकवली असती तरी वाद थोडा वेगळ्या सुरात झाला असता, असं आम्हाला वाटतं. झाला नाही. कारण सांगणारे मास्तर कमी आणि व्हॉट्सअ‍ॅप फार.

आणि हा फिरिश्ता? मोहम्मद कासिम हिंदूशाह. त्याचे वडील अहमदनगरच्या दरबारात शहजादा मीरान हुसेन याला फारसी शिकवायला होते. म्हणजे शिक्षकाचं पोर. नगरमध्ये लहानाचा मोठा झाला, इथली उलथापालथ डोळ्यांनी पाहिली, 1589 च्या सुमाराला विजापूरला गेला आणि तिथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या पदरी राहून त्याने हिंदुस्थानाचा तो प्रसिद्ध इतिहास लिहिला. इंग्रजांनी 1829 साली त्याचं भाषांतर छापलं आणि दख्खनचा इतिहास लिहिणारा प्रत्येक जण आजही त्याच्याकडे जातो. नगरच्या एखाद्या शाळकरी पोराला 'फिरिश्ता कोण' विचारा. तो म्हणेल, मौत का?

आता कोणी म्हणेल, हे सगळं पुस्तकी झालं. रोजच्या जगण्याशी याचा काय संबंध? इथेच आमचं खरं म्हणणं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आपल्यातल्या बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. मुलीला इंजिनिअरिंगला किंवा नर्सिंगला प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला लागतो, आणि त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. हा पुरावा कुठे असतो? बहुतेक वेळा आजोबांच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरात. त्या रजिस्टरात एका ओळीत नाव, जन्मतारीख, जात, कुठल्या इयत्तेत दाखल, कधी सोडली, सगळं. ती ओळ कोणी लिहिली? त्या वेळच्या मास्तरांनी, बोरूने नाहीतर टाकाने. मास्तर चौकस असतील तर त्यांनी बापाला विचारून 'पिंजारी' लिहिलं. घाईत असतील तर 'मुसलमान' लिहून मोकळे झाले. साठ वर्षांपूर्वीच्या त्या एका शब्दाने आज नातीची फी ठरते, सीट ठरते. आमच्या ओळखीतल्या एका घरात दोन चुलतभावांच्या मुलांची गोष्ट अशीच आहे. एका आजोबांच्या नावापुढे बिरादरी लिहिलेली, दुसऱ्यांच्या नावापुढे नुसता धर्म. एका घरातल्या पोराला दाखला मिळाला, दुसऱ्या घरचे तीन वर्षं एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतायत. आजोबा सख्खे भाऊ.

जन्मदाखल्यांचंही तेच. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 2023 साली बदलला. त्यानंतर नायब तहसीलदारांच्या सहीने उशिराच्या नोंदीचे जे दाखले निघाले, त्यांची 2025 मध्ये राज्यभर चौकशी लागली आणि ते रद्द करायला सुरुवात झाली. मालेगावपासून सुरू झालेलं हे प्रकरण किती घरांत पोचलं ते आपल्या वाचकांना सांगायला नको. ज्यांच्याकडे शाळेची जुनी नोंद होती त्यांच्या जिवाला थोडा आधार होता.

वक्फचं घ्या. 2025 च्या दुरुस्ती कायद्यानंतर वक्फ मालमत्तांची माहिती 'उम्मीद' पोर्टलवर चढवायला सहा महिन्यांची मुदत होती, ती डिसेंबरच्या सुरुवातीला संपली. मुतवल्ली आणि कमिट्यांची जी धावपळ झाली ती आम्ही जवळून पाहिली. सनद आहे म्हणतात, कुठे आहे? अमक्या चाचांच्या पेटीत होती. पेटी कुठे? पावसात भिजली. ज्या मशिदीत पाच पिढ्या नमाज झाली तिची हद्द कुठून कुठवर, हे सांगणारा कागद हाती लागेना. लागला तर मोडीत किंवा फारसीत, आणि वाचणारं गावात कोणी नाही.

हे फक्त आपलंच दुखणं आहे असं समजू नका. 2023 साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत एकदम मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या मोडीला आपण पेशव्यांबरोबर गेलेली लिपी समजत होतो, ती येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गाड्या पाठवून बोलावलं गेलं. लाखो कुटुंबांचं भवितव्य जुन्या रजिस्टरातल्या चार अक्षरांवर येऊन थांबलं होतं. मराठा असो, धनगर असो की मुसलमान, कागद लागतो सगळ्यांनाच, आणि कागद वाचणारा माणूसही.

गावचा इतिहास जमवणारा मास्तर हा असा माणूस असतो. रिकाम्या वेळी जुने दगड बघत फिरणारा छांदिष्ट म्हणून गाव त्याला हसतं. त्याच्या वहीत कुठल्या दर्ग्याला कोणी इनाम दिलं, कुठली विहीर कोणी खोदली, कुठला दुष्काळ कोणत्या साली, कोण कुठून स्थलांतर करून आलं, हे लिहिलेलं असतं. तो गेला की घरचे रद्दीवाल्याला बोलावतात. किलोच्या भावाने गावाचा इतिहास जातो.

आमच्या प्रवराकाठची जमीन तर इतिहासाने भरलेली आहे. श्रीरामपूर तालुक्यातलंच दायमाबाद घ्या. 1974 साली तिथे छबू लक्ष्मण भिल्ल नावाच्या माणसाला झाडाचं मूळ खणताना ब्राँझची खेळण्यांसारखी दिसणारी जडशीळ शिल्पं सापडली. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. हडप्पा संस्कृतीच्या अभ्यासात आज त्यांचा उल्लेख सगळीकडे होतो. त्याआधी 1958 मध्ये बोपर्डीकरांनी ते ठिकाण शोधलं होतं. खाली नेवाशाला सांकलियांनी 1954 पासून खोदकाम केलं, आणि ते स्वतः डेक्कन कॉलेजात शिकवणारे. छबू भिल्लांचं नाव अहवालांत नोंदलं गेलं म्हणून उरलं. नाहीतर 'एका आदिवासीला सापडलं' एवढ्यावर विषय संपला असता. नाव नोंदणाऱ्याचे उपकार असतात ते असे.

याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमद बाबांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. त्यांच्यावर वा. सी. बेंद्रे यांच्यासारख्या इतिहासकाराने मेहनत घेतली. बेंद्रे मुसलमान नव्हते. आपले बुजुर्ग अनेकदा असे दुसऱ्यांनी सांभाळले आहेत, हे कबूल करायला लाज वाटायला नको. आपल्यातून उभे राहिलेही काही जण. डॉ. यू. म. पठाण यांनी आयुष्यभर महाविद्यालयात आणि विद्यापीठात मराठी शिकवली, संतसाहित्य आणि महानुभावांच्या पोथ्यांत बुडून गेले, आणि 1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यामागे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांची धडपड होती. बेन्नूर सर राज्यशास्त्र शिकवायचे, पण लिहायचे ते आपल्या समाजाचा इतिहास, मराठीत. 2018 च्या ऑगस्टमध्ये ते गेले. दोघंही पगारी मास्तर. दोघांनी मिळून आपल्या हातात जेवढी शिदोरी दिली, तेवढी कुठल्या आमदाराने दिलेली आम्हाला आठवत नाही.

नोंद ठेवली नाही तर काय होतं याचा झटका 2025 च्या जानेवारीत बसला होता. फातिमा शेख यांच्या जयंतीला समाजमाध्यमांवर कोणीतरी जाहीर केलं की अशी बाई झालीच नाही, ते पात्र मीच रचलं. आपली पोरं हादरली. उत्तर कशाने देता आलं? सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्राने. त्या पत्रात फातिमाचं नाव आहे, काळजीने घेतलेलं. एका पत्रातल्या एका उल्लेखावर एवढ्या मोठ्या बाईचं असणं टिकलं. दुसरं पत्र, शाळेचा दुसरा कागद, घरातली आठवण, आपण काहीच जपलं नव्हतं. ज्या मिस फरार यांच्या शाळेत सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे घेतले ती शाळाही नगरचीच, हे जाता जाता.

म्हणून पुलाला मास्तरांचं नाव. मास्तर हिंदू असले तर? तरी द्यावं, आणि मागणी आपल्या मोहल्ल्यातून जावी. गावच्या दर्ग्याचा शिलालेख ज्याने पहिल्यांदा वाचून घेतला, मोहरमच्या सवारीची आणि रामनवमीच्या यात्रेची एकाच वहीत नोंद केली, तो आमचाच मास्तर. मुसलमान असले तर? मग गावातल्या बाकीच्या विद्यार्थ्यांनी, पाटलांनी, माळ्यांनी, व्यापाऱ्यांनी अर्जावर पहिल्या सह्या कराव्यात, आणि त्या मिळवायला आपण घरोघर जावं. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाचे विद्यार्थी सगळ्या पक्षांत असतात, ही शिक्षकाच्या नावाची मोठी सोय आहे. ज्या सदस्याने त्यांच्या छड्या खाल्ल्यात तो विरोधात हात कसा वर करील?

आपल्यातले काही बुजुर्ग म्हणतात, दगड-सिमेंटला नाव लावून मय्यतला काय फायदा, ही नुमाइश आहे. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. माणूस गेल्यावर मागे चालू राहतं ते सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगी पडणारा इल्म आणि दुआ करणारी औलाद, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पाटीचा त्यात उल्लेख नाही. पण मास्तरांनी दिलेला इल्म लोकांपर्यंत पोचत राहावा म्हणून पाटी लावली, तर ती इल्माच्या कामी आली असं आम्ही मानतो. नुसतीच पाटी लावली तर बुजुर्ग बरोबर आहेत.

दुसरी हरकत आम्हाला अधिक खरी वाटते. आधी पूल नीट ठेवा, मग नाव द्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी बस त्यात गेल्या. 15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याचा पूल कोसळून चार जण गेले. आमच्याकडे भंडारदऱ्यातून पाणी सुटलं आणि वरच्या भागात पाऊस असला की प्रवरा काय रूप घेते ते काठावरच्यांना विचारा. बेलापूरच्या आठवडे बाजाराला येणारी बाया-माणसं, शाळेत जाणारी पोरं, उसाच्या ट्रॉल्या, सगळं पुलावरूनच जातं. तेव्हा अर्जात पहिली मागणी तपासणीची आणि कठड्यांची असावी, नावाची दुसरी. एका अर्जात दोन्ही आल्या तर बिघडत नाही. पूल म्हटलं की आपल्याला पुलसिरात आठवतो, इथला पूल तरी रुंद आणि मजबूत असू द्या.

रीत फार अवघड नाही. पूल ज्याच्या ताब्यात, नावाचा अधिकार त्याच्याकडे. गावातला छोटा पूल ग्रामपंचायतीचा असेल तर ग्रामसभेचा ठराव बरंच काम करतो. जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर तोच ठराव वर पाठवावा लागतो आणि पाठपुरावा करावा लागतो. म्हणून आधी पूल कोणाच्या यादीत आहे ते बांधकाम उपविभागात विचारून घ्यावं. पुष्कळ अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन मरतात.

ठरावासोबत आम्हाला आणखी एक वस्तू जोडलेली हवी आहे. मास्तरांच्या वह्या. असतील तशा, फाटक्या, वाळवी लागलेल्या. त्यांची पानं मोबाईलवर का होईना फोटो काढून ठेवलेली, आणि त्यांचा एक संच गावच्या वाचनालयात, एक मशिदीच्या कमिटीकडे, एक मंदिराच्या ट्रस्टकडे. पुलाच्या पाटीवर नावाखाली दोन ओळी हव्यात: हे कोण होते, त्यांनी काय लिहिलं, ते कुठे वाचायला मिळेल. 'कुतुब-ए-कोकण' या पाटीखाली एवढं असतं, तर मोहम्मद अली रोडवरच्या एखाद्या पोराने तरी थांबून वाचलं असतं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर तो आधी लेखी द्यावा लागेल. त्यासाठी आत्तापासून दोन माणसं पुरेशी आहेत. एकाने बांधकाम खात्यात जाऊन पूल कोणाचा ते विचारायचं. दुसऱ्याने मास्तरांच्या घरी जाऊन, चहा घेऊन, माळ्यावरची पेटी खाली उतरवायची. रद्दीवाल्याच्या आधी.